तो किरण, ती किरण

आमच्या वर्गात दोन किरण आहेत. एक मी आणि दुसरा एक मुलगा. हजेरीच्या वेळी 'किरण' म्हटले की दोन बाकांवरून दोन आवाज येतात. सर चष्म्यावरून बघतात आणि मग आडनावाने खुलासा होतो. प्रवेशाच्या वर्षी याहून मोठी गंमत झाली. एका कार्यालयाने लावलेल्या यादीत माझे नाव मुलांच्या वसतिगृहात, खोली क्रमांकासह, झळकत होते. मी तक्रार घेऊन गेले तेव्हा तिथले कारकून शांतपणे म्हणाले, "आता नावावरून आम्हाला कसं कळणार, बाई?" त्या दिवसापासून मी प्रत्येक अर्जावर नावाआधी 'कु.' हे अक्षर ठळक काढते. शाईचा एवढा खर्च मुलांना नाही.

ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट आहे, आणि मी ती नेलीही. पण तीन वर्षे एकाच नावाने दोघे वावरल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, ती मात्र हसण्यावारी नेता येत नाही. माझे नाव ऐकून लोक म्हणतात, "वा! कसं खणखणीत नाव आहे, मुलासारखं!" त्याचे नाव ऐकून तेच लोक म्हणतात, "हे तर मुलीचं नाव. घरी मुलगी हवी होती काय रे?" मला मैत्रिणी 'किरणराव' म्हणतात तेव्हा थोडी ऐट वाटते. त्याला मित्र 'किरणताई' म्हणतात तेव्हा तो डबा अर्धा ठेवून उठतो. अक्षरे तीच तीन. त्यांनी मला एक पायरी वर चढवले आणि त्याला एक पायरी खाली उतरवले. म्हणजे पायऱ्या आधीपासूनच होत्या.

मुलीला मुलाचे नाव ठेवणे, किंवा दोघांनाही चालेल असे नाव ठेवणे, ही पुण्यामुंबईची नवी टूम आहे असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. वादसभेत आमच्या एका वर्गबंधूने हा मुद्दा फार आवेशाने मांडला होता. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. माझे गाव लातूर जिल्ह्यातले. तिथल्या आज्यांची नावे आठवून पाहा. दगडाबाई, धोंडाबाई, विठाबाई, भागाबाई, राजाबाई, प्रयागबाई. आणि त्यांच्याच भावकीतले आजोबा दगडू, धोंडिबा, विठोबा, भागोजी. मूळ शब्द एकच. दगड हा शब्द पुल्लिंगी, राजा पुल्लिंगी, आणि विठोबा तर साक्षात देव. तरी त्यांची नावे बायकांना देताना कुणाचा हात अडखळला नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात आपल्या मराठवाड्यातून शस्त्र घेऊन उभ्या राहिलेल्या जालन्याकडच्या बाईंचे नाव दगडाबाई शेळके होते. या नावाला कुणी मुलासारखे म्हणून नावाजले नाही की बाईला शोभत नाही म्हणून नाक मुरडले नाही.

याचे कारण मला असे दिसते की स्त्री की पुरुष हे सांगण्याचे काम नावाकडे नव्हतेच. ते 'बाई'कडे होते आणि पुरुषांच्या बाबतीत 'बा', 'जी', 'राव' यांच्याकडे. पुढे शाळेच्या दाखल्यावरून 'बाई' गळाली. आमच्या आयांच्या पिढीला ती गावंढळ वाटू लागली. मग ते ओझे नावाच्या शेपटीवर आले आणि आकार-ईकारांचा सुकाळ झाला. उज्ज्वलची उज्ज्वला झाली, पंकजची पंकजा झाली. सूर्यकांत हे तर खास पुरुषी नाव. त्यालाही एक काना जोडून आपल्या लोकांनी ते मुलीला दिले. नांदेडहून १९९१ साली लोकसभेवर निवडून गेलेल्या आणि २००४ ते २००९ या काळात केंद्रात राज्यमंत्री असलेल्या सूर्यकांता पाटील या आपल्याच भागातल्या. एका कान्याने केवढे काम केले! खरे तर मराठीला त्या कान्याचीही गरज नाही. "किरण आली" म्हटले की संपले. आमचे क्रियापदच सगळी चुगली करते.

शिक्षणासाठी नांदेडला आले तेव्हा 'बाई'ची ही जुनी व्यवस्था मला वेगळ्या रूपात जिवंत दिसली. या शहरात दोघांचे नाव एक असणे ही नवलाची गोष्टच नाही. माझ्या वसतिगृहाजवळ राहणारी शीख मैत्रीण मनजीत, आणि तिच्या गल्लीतला एक मुलगाही मनजीत. गुरुप्रीत, हरप्रीत, कुलदीप, बलजीत ही सगळी नावे दोघांना सारखीच चालतात. पुढे मुलाला 'सिंघ' आणि मुलीला 'कौर' लागले की झाले. नाव ठेवायची रीतही दोघांना एकच. गुरू ग्रंथ साहिब उघडायचे, जो शबद निघेल त्याच्या पहिल्या अक्षरावरून नाव निवडायचे. ते अक्षर मुलगा की मुलगी हे विचारत नाही. 'कौर' हा शब्द राजकुमार या अर्थाच्या 'कुँवर' शब्दावरून आला असे बरेच अभ्यासक मानतात. तसे असेल तर प्रत्येक शीख मुलगी आपल्या नावात पुरुषी पदवी मिरवते, आणि तिला त्यात काही विशेष केल्यासारखे वाटत नाही. सचखंड साहिबाला माथा टेकायला आपण सगळेच जातो. गुरू गोविंदसिंघजी १७०८ साली इथेच, गोदाकाठी, ज्योतीज्योत समावले हेही आपल्याला पाठ असते. त्यांच्याबरोबर लढलेल्या माई भागो याही इथे आल्या होत्या आणि त्यांच्या नावाची वास्तू इथे आहे, हे मात्र मला मनजीतने सांगितले तेव्हा कळले. तीनशे वर्षांचा शेजार आणि एवढे अज्ञान!

माझ्या नावाचा तर परदेशात खटलाही झाला आहे. जर्मनीत एका दांपत्याला आपल्या मुलीचे नाव 'किरण' ठेवायचे होते. त्यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही म्हणून नोंदणी कार्यालयाने ते नाकारले. आईबाप थेट तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की नावावरून लिंग कळलेच पाहिजे असा कायदा नाही. हे वाचले तेव्हा मला आमच्या यादीवाल्या कारकुनांची फार आठवण झाली. त्यांचा आणि जर्मन नोंदणी कार्यालयाचा प्रश्न एकच होता. फरक एवढाच की तिथे नावच नाकारले गेले, इथे नुसती खोली चुकली.

इथवर वाचून आपण म्हणाल, मग तुझी तक्रार काय? तक्रार नावाबद्दल नाहीच. ते कशासाठी ठेवले, याबद्दल आहे.

आम्ही तिघी बहिणी. मी तिसरी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आईला सहज विचारले, "माझं नाव किरण कुणी ठेवलं गं?" ती चुलीपुढे होती. म्हणाली, "आगं, तुझं नाव तर तू व्हायच्या आधीच ठरलं हुतं. तुझ्या आजोबांनी सांगितलं हुतं, पोरगा झाला की किरण ठेवायचं. मग तू झालीस. म्हणलं, आता ठरलंय तर ऱ्हाऊ द्या." मी विचारले, "आणि मुलगी झाली तर काय ठेवायचं होतं?" आईने भाकरी उलटली आणि म्हणाली, "ते काय कुणी ठरवलंच नव्हतं."

आईने हे दुःखाने सांगितले नाही, आणि मीही तिच्याशी भांडले नाही. पण त्यानंतर "मुलासारखं नाव" हे कौतुक मला पूर्वीसारखे गोड लागत नाही. जे नाव मी बापाची हौस म्हणून मिरवत होते, ते दुसऱ्याच पाहुण्यासाठी मांडलेले ताट होते. आजही बाबा चारचौघांत अभिमानाने सांगतात, "किरण म्हणजे माझा मुलगाच आहे." त्यांचे माझ्यावर फार प्रेम आहे हे मला माहीत आहे. मी ट्रॅक्टर चालवते, बँकेचे व्यवहार बघते. पण हे सगळे मुलगी करते असे म्हणायला त्यांची जीभ का रेटत नाही? 'माझी मुलगीच आहे' असे कुण्या मुलाविषयी कौतुकाने बोललेले तुम्ही कधी ऐकले आहे काय?

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला 'नकोशी' आहे. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे दिली गेली. त्यांची आधीची नावे 'नकोशी', 'नकुसा' अशी होती. आता मुली पुरे, पुढचा मुलगा होऊ दे, म्हणून ठेवलेली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. आणि राज्यात सर्वांत तळाला होता आपल्या लातूरला लागून असलेला बीड जिल्हा. किरण आणि नकुसा ही नावे एका तागडीत घालणे कुणाला अतिरेकी वाटेल. मला प्रेमाने वाढवले, शिकवले. त्या मुलींपैकी कित्येकींच्या वाट्याला काय आले असेल ते मी सांगायला नको. तरी दोन्ही नावे पाळण्यातल्या मुलीकडे न बघता ठेवलेली आहेत. एक न आलेल्या मुलाचे, दुसरे येऊ घातलेल्या मुलाच्या आशेचे.

म्हणून माझे म्हणणे असे की मुलींना खुशाल पुरुषी नावे ठेवावीत. पहिल्या मुलीलाही ठेवावीत, भाऊ असलेल्या मुलीलाही ठेवावीत. शब्द आवडला म्हणून ठेवावीत. आणि मुलांनीही आपल्या नावातल्या बाईला लाजू नये. नाहीतरी कोण लाजते? आपल्या भागात माहूर, तुळजापूर, अंबाजोगाई यांच्या कृपेने रेणुकादास, तुळजाराम आणि अंबादास गल्लोगल्ली आहेत. आषाढीच्या दिंडीत मिशाळ गडी एकमेकांना 'माउली' म्हणून पाया पडतात. पैठणचा पराक्रमी राजा स्वतःला आईच्या नावाने गौतमीपुत्र म्हणवून घेत होता. आणि आता सरकारनेही १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे, बापाच्या नावाआधी, आईचे नाव लावायचे ठरवले आहे. म्हणजे काही वर्षांनी या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर प्रत्येक मुलाच्या नावात एक बाईचे नाव असेल. देवळात, दिंडीत आणि कागदावर चालते ते कॅन्टीनमध्ये का चालू नये, याचे उत्तर आमच्या विनोदवीर मित्रांनी द्यावे.

आमच्या दुसऱ्या किरणने या वर्षी परीक्षेचा अर्ज भरताना नाव 'किरणकुमार' लिहिले. कार्यालयातून ते परत आले, कारण दहावीच्या सनदेवर नुसते 'किरण' आहे. आता तो राजपत्रात नाव बदलून घेण्यासाठी लागणारी कागदपत्रे गोळा करतो आहे. खर्चाचा आकडा सांगून मला म्हणाला, "तुझं बरं आहे, तुला बदलायची गरज नाही." मी त्याला चुलीपुढची गोष्ट अजून सांगितलेली नाही. हा अंक त्याच्या हाती पडेल तेव्हा त्याला कळेलच.