मंदीतली मदत : दान की हक्क?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारीप्रमाणेच तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर परिसरही उद्ध्वस्त केला, तेव्हा देशविदेशांतून मदतीचा ओघ आला. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेने कर्ज दिले. आपत्ती डोळ्यांना दिसली की जगाचे अंतःकरण द्रवते. आर्थिक मंदीत मात्र एकही भिंत कोसळत नाही. पुण्या-मुंबईतील बांधकामे थांबतात, हैदराबादेहून मुकादमाचा निरोप येत नाही, घरी येणारा पैसा आटतो आणि उमरग्याच्या दुकानदाराच्या वहीत उधारी वाढत जाते. मंदीचे दारिद्र्य हे असे मुकाट्याने येते.

अशा काळात गरीब देशांनी श्रीमंतांच्या औदार्यावर किती विसंबावे? श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा ०.७ टक्के भाग विकासासाठी द्यावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये केला. मोजके देश वगळता तो कोणी पाळला नाही. २०२० च्या महामारीत जगातील सुमारे सात कोटी माणसे नव्याने अतिदारिद्र्यात लोटली गेली. त्यांतील अनेक देश अजून सावरलेले नसतानाच अमेरिकेने २०२५ मध्ये आपली परदेशी मदतीची संस्था मोडीत काढली. दात्याच्या घरी ओढाताण झाली किंवा सत्ता पालटली, की पहिली कात्री मदतीला लागते. कारण ज्यांची मदत तुटते, त्यांना दात्याच्या देशात मत नसते.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लक्षावधी हात खडी फोडत होते. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या चिंतनातून साकारलेल्या रोजगार हमी योजनेने व्यापक रूप घेतले. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी शहरी नोकरदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. मागेल त्याला काम, हे त्याचे सूत्र. संकट वाढले की कामाची मागणी वाढावी, मागणी वाढली की खर्च आपोआप वाढावा, हे त्यातले अर्थशास्त्र. मजुरीचा पैसा पुन्हा गावच्याच बाजारात फिरतो आणि मंदीची धार बोथट करतो.

या योजनेत बोगस हजेरीपट झाले, मजुरी महिनोन् महिने रखडली, काही कामे पहिल्याच पावसात वाहून गेली, हे आक्षेप खरे आहेत. परंतु ते अंमलबजावणीचे दोष होत, तत्त्वाचे नव्हेत. २००५ मध्ये हेच तत्त्व देशाच्या कायद्यात आले आणि २०२० मध्ये त्याची कसोटी लागली. टाळेबंदीत गावी परतलेल्यांसाठी केंद्राला मूळच्या ६१,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीत आणखी ४०,००० कोटींची भर घालावी लागली आणि त्या वर्षी अकरा कोटींहून अधिक लोकांनी या कामांवर मजुरी केली. ही भर कोणाच्या दयाबुद्धीमुळे पडली नाही. कायद्याने मागणीला दिलेले बळ तिच्यामागे होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस शंभराचे सव्वाशे झाले, हे स्वागतार्ह आहे. तथापि पूर्वी अकुशल मजुरीचा भार केंद्र उचलत असे. आता बहुतेक राज्यांना खर्चाचा चाळीस टक्के वाटा द्यायचा आहे, आणि केंद्राने ठरविलेल्या रकमेपलीकडचा खर्चही राज्याच्याच माथी आहे. मंदीत सर्वप्रथम राज्याचाच महसूल घटतो. म्हणजे ज्या वर्षी उमरग्यातील मजूर काम मागेल, त्याच वर्षी राज्याची तिजोरी हात आखडेल. दिवस वाढले, पण भरवसा कमी झाला.

म्हणून राज्य शासनाने व्यवसाय कराच्या उत्पन्नातून काही भाग मंदीच्या वर्षांसाठी राखून ठेवावा आणि प्रत्येक तालुक्यात मंजूर कामांची यादी आधीच तयार ठेवावी. परक्याचे औदार्य मंदीत आटते, हे जगाने पाहिले आहे. स्वतःच्या राज्याचे वचनही त्याच वेळी आटले, तर हक्क आणि दान यांत फरक तो काय उरला?