अलकनंदा सापडली, शोधणाऱ्यांचे काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अलकनंदा नावाच्या दीर्घिकेची बातमी देशभर गाजली. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील पीएचडीची विद्यार्थिनी राशी जैन आणि प्राध्यापक योगेश वाडदेकर यांनी महास्फोटानंतर अवघ्या दीड अब्ज वर्षांच्या विश्वात एक सुघड सर्पिल दीर्घिका शोधून काढली. इतक्या कोवळ्या विश्वात दोन डौलदार भुजांची तबकडी आकाराला आलेली असावी, ही गोष्ट दीर्घिकांच्या जडणघडणीविषयीच्या रूढ कल्पनांना प्रश्न विचारणारी आहे. शोधाच्या मोलाविषयी वाद नाही. वाद आहे तो बातमीच्या व्याकरणाशी. मथळ्यामागून मथळा येत गेला आणि बहुतेकांत कर्ता एकच : ‘भारत’. हा कर्ता नेमका कोण, ते एकदा तपासू या.

दुर्बीण जेम्स वेब. ती अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांच्या अवकाशसंस्थांची. निरीक्षणे सर्वांना खुली; जगातील कोणीही ती उतरवून घ्यावीत. म्हणजे या शोधात भारतीय असे जे काही होते, ते दोन माणसांचे डोळे, प्रशिक्षण आणि चिकाटी, व त्यांना सांभाळणारी एक संस्था. आणि आपल्या विज्ञानधोरणात सर्वांत उपेक्षित बाब कोणती असेल, तर तीच : माणूस.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. ॲस्ट्रोसॅटवरील अतिनील दुर्बीण घडवण्यात आमच्या बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा मोठा वाटा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या दुर्बिणीने आकाशाचा एक तुकडा २८ तासांहून अधिक काळ न्याहाळला. त्यातून ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेतून येणारा अतिशय ऊर्जावान अतिनील प्रकाश हाती लागला. आयुकातील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील हा निबंध प्रसिद्ध झाला ऑगस्ट २०२० मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे कोठे गेली? तो प्रकाश खरोखर त्याच दीर्घिकेचा आहे, उपकरणाचा वा शेजारच्या एखाद्या वस्तूचा भास नाही, एवढी खातरी करून घेण्यातच सुमारे दोन वर्षे लागली. अशी सावकाशी हा या शास्त्राचा दोष नव्हे. तीच त्याची सचोटी आहे. मात्र ती परवडते कायम पदावरील माणसाला. दोन वर्षांच्या नेमणुकीवर आलेला पोस्टडॉक पहिल्या सहा महिन्यांत विदा समजून घेतो आणि शेवटचे सहा महिने पुढच्या नोकरीचे अर्ज लिहीत काढतो. चार वर्षांचा शोध त्याने कोठे मांडावा?

आता वयाचा हिशेब करा. तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., एकोणतिसाव्या वर्षी पीएचडी, त्यापुढे तीन-तीन वर्षांच्या दोन नेमणुका. झाली पस्तिशी. आणि नेमकी तेथेच अनेक नामवंत संस्थांच्या जाहिरातींत ‘शक्यतो ३५ वर्षांखालील’ ही ओळ उभी असते. मधल्या काळात मानधन दरमहा हातात पडेलच असेही नाही. माझे स्वतःचे एकदा पाच महिने थकले होते. बेंगळुरूचा घरमालक मात्र दहा महिन्यांची अनामत पहिल्याच दिवशी मागतो. २०२३ पासून संशोधन-अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० झाली, ही स्वागतार्ह वाढही वेळेवर न मिळाल्यास कागदावरच राहते.

‘मग परदेशी का पळता?’ हा प्रश्न हमखास येतो, बहुधा तोच मथळा पुढे पाठवणाऱ्यांकडून. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला जीएमआरटीचा शोध आठवा. दूरच्या एका दीर्घिकेतील हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओलहरी टिपली गेली होती. (काही महाभागांनी तिला परग्रहवासीयांचा निरोपही ठरवून टाकले.) दुर्बीण जुन्नर तालुक्यातील खोडदची, एक संशोधक निरुपम रॉय बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील, आणि दुसरे, अर्णब चक्रवर्ती, त्या वेळी मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात पोस्टडॉक. परदेशी गेलेल्या माणसाने खोडदच्याच दुर्बिणीचे काम पुढे नेले. याला पळणे म्हणत नाहीत.

करदात्यांच्या पैशाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, किंबहुना माझा आधारच तो आहे. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने स्क्वेअर किलोमीटर ॲरेतील सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले. उत्तमच झाले. परंतु यंत्रातून वाहणारी विदा वाचण्यासाठी पाच वर्षे निर्धास्त बसू शकणारी माणसे नसतील, तर ती विदा दुसरेच कोणी वाचतील. म्हणून मागण्या साध्या आहेत : मोठ्या प्रकल्पाच्या मंजुरीतच पाच वर्षांच्या संशोधक-नेमणुकांची संख्या लिहावी, वयाऐवजी पीएचडीनंतरची वर्षे मोजावीत आणि त्यांतून प्रसूती-संगोपनाचा काळ वगळावा, मानधन ठरलेल्या तारखेला द्यावे, इतर पगार होतात तसे.

आणि विज्ञानवार्ता लिहिणाऱ्या मित्रांना एक विनंती. पुढच्या शोधाच्या बातमीत अंतर, वस्तुमान आणि अभिमान यांच्या जोडीला संशोधकाची नेमणूक कोणत्या महिन्यात संपते, तेही विचारून छापा.