जादा गादी

कुटुंबनियोजन ह्या विषयावर आपल्या हातून कधी लेख होईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ज्या वयात हा विषय कामाचा असतो त्या वयात तो चारचौघांत बोलायचा नसतो, आणि बोलायची भीड चेपते तोवर त्याचा उपयोग उरलेला नसतो. पण ह्या मे महिन्यात मी सलग तीन आठवडे कुटुंबाचं नियोजन करत होतो. गैरसमज नसावा. एका थीम पार्काला लागून असलेल्या रिसॉर्ट हॉटेलात आमच्या कुटुंबाला दोन रात्री नेऊन ठेवायचं, एवढंच ते नियोजन. पार्काचं आणि हॉटेलाचं नाव सांगत नाही. माझं भांडण एका हॉटेलाशी नाही.

पूर्वी सहलीचं नियोजन म्हणजे वडलांनी रात्री जेवताना "उद्या निघू या," असं म्हणायचं. मग माळ्यावरचा होल्डॉल खाली यायचा, आई दशम्या करायला घ्यायची आणि पहाटे एसटी स्टँडवर आपला गाव कोणत्या फलाटाला लागतो हे विचारण्यात सहलीला सुरुवात व्हायची. आता तसं चालत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी ह्या कामासाठी दोनशे पानी वही घातली. शनिवार-रविवारचा दर निराळा, मंगळवारचा निराळा. नाश्ता धरून एक भाव, न धरून दुसरा. खोलीतून पार्क दिसणार असेल तर जास्त पैसे, पार्किंग दिसणार असेल तर कमी. माझ्या लग्नाच्या याद्या ह्याच्या निम्म्या वेळात झाल्या होत्या, आणि त्यात मानपान होते!

त्यात मुलांच्या उंचीचा प्रश्न. अशा पार्कात मुलाचं तिकीट पुष्कळदा वयावर नसतं, उंचीवर असतं. शिवाय मोठ्या पाळण्यांत बसायलाही किमान उंची लागते. म्हणजे तिकिटाच्या खिडकीशी मूल बुटकं हवं आणि पाळण्याच्या रांगेत तेच मूल उंच हवं! एसटीत बरं होतं. पाच वर्षांपर्यंत फुकट, बारापर्यंत अर्धं, आईनं "पाचवं लागायचंय हो अजून," म्हणायचं, आणि कार्ट्यानं मागून "परवाच तर लागलं!" असं ओरडायचं, एवढाच धोका. आमचे चिरंजीव 138 सेंटिमीटर भरले आणि त्यांना हव्या असलेल्या पाळण्याला 140 लागत होते. तेव्हापासून ते रोज सकाळ-संध्याकाळ दाराच्या चौकटीला लोंबकळू लागले. दोन आठवड्यांत उंची वाढली नाही, चौकट मात्र हलू लागली.

हे सगळं मी हसत सोसलं असतं. घोडं अडलं ते फॉर्मवर.

फॉर्ममध्ये 'फॅमिली पॅकेज' असं ठळक लिहिलं होतं आणि त्याखाली दोन चौकोन होते. मोठी माणसं : 2. मुलं : 2. मी पहिल्या चौकोनात 3 घातले. आकडा उमटेना. पुन्हा घातले, पुन्हा 2 झाले. शेवटी फोन केला. पलीकडून अत्यंत गोड आवाजात एक बाई म्हणाल्या, "सर, थर्ड अडल्ट एक्स्ट्रा बेडवर येईल."

"थर्ड अडल्ट नाही हो. आई आहे माझी."

"हो सर, तेच. एक्स्ट्रा पर्सन."

मी फोन ठेवला आणि विचार करू लागलो. माझी आई 76 वर्षांची आहे. ह्या जगात ती माझ्या आधी 31 वर्षं आली. आम्हां दोघांत कुणी जादा असेलच, तर तो मी आहे.

आमच्या लहानपणी भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण असायचा आणि चार हसरे चेहरे. आई, बाप आणि दोन मुलं. 'हम दो, हमारे दो'. त्या चित्रातही आजी नव्हतीच, पण सरकारचं म्हणणं फक्त मुलांच्या संख्येपुरतं होतं. सासूला गावी पाठवा, असं कुठल्याही सरकारनं भिंतीवर लिहिलेलं नव्हतं. जे सरकारला सुचलं नाही ते हॉटेलवाल्यांनी करून दाखवलं. दोन अधिक दोन एवढ्यालाच त्यांनी कुटुंब ठरवलं आणि बाकीच्यांना गादीत जमा केलं!

आमचे एक स्नेही ह्या धंद्यातले जाणकार आहेत. ते म्हणाले, "अरे, त्यात चिडण्यासारखं काय आहे? खोलीचा आकार ठरलेला. पाचव्या माणसाची गादी आली, चादर आली, टॉवेल आला, सकाळची इडली आली. हॉटेलवाल्यानं ते फुकट द्यावं होय?"

मुळीच देऊ नये. पैशाबद्दल माझी तक्रार नाही, असं मी म्हणणार होतो; पण तेवढ्यात मला एसटी आठवली. आपली एसटी तोट्यात आहे, तिच्या खिडक्या चालताना टाळ वाजवतात, हे सगळं कबूल. पण 2022 पासून ही एसटी महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला फुकट नेते आणि पासष्टीच्या पुढच्याला अर्ध्या तिकिटात. म्हणजे ज्या आजीला एसटी मानानं फुकट बसवते, तिला फॅमिली पॅकेजात मात्र जादा आकार, आणि ज्या पाळण्यात ती जन्मात बसणार नाही त्याचंही पूर्ण तिकीट! तरी पैसे मी भरले. माझं भांडण आहे ते 'जादा' ह्या शब्दाशी. जादा गाडी सोडतात ती गणपतीला, माणसांची गर्दी झाली म्हणून. माणसालाच जादा म्हणायची पद्धत कुठून आली?

गंमत अशी, की ह्या पार्कांचा जन्म नेमका उलट्या विचारातून झाला. वॉल्ट डिस्नेनं स्वतःच ही हकीकत सांगितलेली आहे. सुट्टीच्या दिवशी तो आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात नेई. मुली चक्रात बसून गोल फिरत आणि हा बापुडा बाकावर बसून शेंगदाणे खाई. त्याच्या मनात आलं, आईबापांना आणि पोरांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये? त्यातून 1955 च्या जुलैत डिस्नेलँड उघडलं. हॉटेल बांधायला त्याच्याजवळ पैसे उरले नव्हते, म्हणून पार्काशेजारचं पहिलं हॉटेल जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच गृहस्थानं बांधलं. पुढे 1971 साली फ्लोरिडात दुसरं पार्क काढलं, तेव्हा मात्र पहिल्या दिवसापासून कंपनीची स्वतःची दोन हॉटेलं तयार होती. पाहुणा संध्याकाळी घरी जाता कामा नये, हे तोवर सगळ्यांना कळलेलं होतं.

आपल्याकडे 1989 साली गोराईला एस्सेल वर्ल्ड निघालं, तेव्हा लोक सकाळी लाँचनं जात आणि संध्याकाळी लाँचनं परत येत. आमच्या घरची अकरा माणसं गेली होती. त्यात आजी होती, दोन आत्या होत्या आणि शेजारच्यांचा बंड्या होता. त्याला कुणी बोलावलं होतं हे अजून कळलेलं नाही. अकरा माणसांत जादा कोण, असा प्रश्न कुणाला पडला नाही. पडला असता तर बंड्याचं काही खरं नव्हतं.

इथवर मी हॉटेलवाल्यांना यथास्थित झोडपलं. आता जरा घरची गोष्ट सांगतो.

त्या फोननंतर मी सौ.ना हळूच म्हणालो, "आईला चार दिवस ताईकडे सोडलं तर?" सौ. काहीच बोलल्या नाहीत. त्या वहीत बघत राहिल्या. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "मला कुठे झेपणार आहे रे ते पाळणेबिळणे? जा तुम्ही पोरांना घेऊन."

खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. हिशेब जुळला होता. दोन अधिक दोन.

ते बरं वाटणं हीच ह्या लेखामागची खरी चीड आहे. फॉर्म काय, निर्जीव वस्तू. त्यानं फक्त दोन चौकोन आखले होते. आईला त्यांच्या बाहेर काढायला मीच निघालो होतो, आणि तिनं ते न सांगता ओळखलं होतं. एका खोलीचं आरक्षण करताना माणूस आपल्या आईला 'सोडण्याची' भाषा करू लागतो, तेव्हा चूक निव्वळ छपाईची नसते.

शेवटी सौ.च ठणकावून म्हणाल्या, "आई येत नसतील तर मीही येत नाही. मग भरा तुमचे चौकोन."

गेलो. पाचही जणं. दिवसभर पार्कानं आमच्या कुटुंबाची पद्धतशीर वाटणी केली. कन्या उंचीत बसली, ती मोठ्या पाळण्यात गेली. चिरंजीव दोन सेंटिमीटरनं हुकले म्हणून हिरमुसून आईबरोबर लहान आगगाडीत गेले. माझा रक्तदाब मला कशातच बसू देईना. मी आणि आई पिशव्या सांभाळत बाकावर बसलो आणि शेंगदाणे खाल्ले. डिस्नेचा बाक सत्तर वर्षांनंतरही जागच्या जागी होता, फक्त शेंगदाणे महागले होते.

रात्री खोलीत ती प्रसिद्ध जादा गादी आली. चाकांची घडीची खाट, वर चार बोटं जाडीचा स्पंज. आणि मग एक मौज झाली. त्या गादीवर कोण झोपणार ह्यावरून पोरांची मारामारी जुंपली. मऊ मोठा पलंग कुणालाच नको, सगळ्यांना आजीशेजारीच जागा हवी. शेवटी ती गादी खाली ओढली, पलंगावरच्याही खाली ओढल्या आणि आम्ही पाचही जणं आडवीतिडवी जमिनीवर झोपलो. आई अंधारात गोराईच्या लाँचची गोष्ट सांगत होती. बंड्याची चप्पल खाडीत पडली ती. पोरं खिदळत होती. दोन दिवसांत आम्ही पाच जणं एकत्र हसलो ते तेवढंच, आणि तेसुद्धा पॅकेजात नसलेल्या माणसामुळे.

म्हणून हॉटेलवाल्यांना माझं एकच सांगणं आहे. कोकणात 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी लावणाऱ्या घरी जा. ओटीवरचे काका तुम्हांला अडल्ट किती, चाइल्ड किती, असं विचारत नाहीत. "किती माणसं?" एवढंच विचारतात आणि आत बघून ओरडतात, "अगं, आणखी एक गादी टाक!" पैसे तेही घेतात, आणि चोख घेतात. पण त्यांच्या हिशेबात गादी जादा असते, माणूस नसतं.

परतताना आईनं विचारलं, "काय रे, ती गादी केवढ्याला पडली?"

मी आकडा सांगितला. ती गप्प झाली. खूप वेळानं म्हणाली, "एवढ्यात घरी दोन नव्या भरून झाल्या असत्या. आणि आत कापूस तरी असता."

मी तिला निम्माच आकडा सांगितला होता.