आयसीयूत सलाईन मध्येच का थांबवतात?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. चक्कर आली, अंगात त्राण नाही, की दवाखान्यात पहिली मागणी ठरलेली असते: "डॉक्टर, एक सलाईन लावा." म्हणूनच आयसीयूत डॉक्टरांनी सलाईन थांबवलं की नातेवाईक धास्तावतात. उपचार बंद केले का?

सलाईन हे औषध आहे आणि त्यालाही डोस असतो. ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते.

जुलाब किंवा उष्माघातात शरीरातलं पाणी खरोखर घटतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावर, गणित वेगळं असतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, झिरपू लागतात. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तदाब फार घसरला असेल तर पहिल्या तीन तासांत किलोमागे किमान ३० मिली द्रव सुचवला आहे. ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. त्यापुढे प्रत्येक बाटली तपासून. जास्तीचं पाणी फुफ्फुसांत उतरलं तर श्वास अडतो. डेंग्यूतही ताप उतरल्यावर हाच धोका असतो: झिरपलेलं पाणी एक-दोन दिवसांत रक्तात परततं आणि तेव्हा सलाईन चालूच असेल तर नडतं.

२०११ मध्ये आफ्रिकेतल्या तीन देशांत, तापाने गंभीर झालेल्या तीन हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. (जुलाबाची मुलं त्यात नव्हती.) भराभर द्रव दिलेल्यांपैकी १०.५ टक्के मुलं ४८ तासांत दगावली, न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. डॉक्टरही चकित झाले होते.

मग ठरवतात कसं? एक चाचणी अगदी साधी आहे. रुग्णाचे पाय ४५ अंशांत उचलायचे. पायातलं रक्त हृदयाकडे येतं, आणि एका मिनिटात हृदयाचं काम वाढतंय का ते यंत्रावर दिसतं. वाढलं नाही, तर बाटलीनेही फारसं वाढणार नाही. बोटाचं टोक दाबून रंग किती सेकंदांत परततो तेही पाहतात; तीनपेक्षा जास्त लागले तर काळजी.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये धाराशिव, कलबुर्गीकडूनही रुग्ण येतात. आधीच्या दवाखान्यात किती बाटल्या गेल्या, याचा कागद सोबत हवाच. आयसीयूत किती द्रव गेला आणि किती लघवी झाली, याचा तक्ता असतो. तो डॉक्टरांना जरूर विचारा. गुपचूप पाजलेलं शहाळ्याचं पाणी मात्र त्या तक्त्यात येत नाही.