वास्तुशांतीनंतरचा हिशेब

वैशाख शुद्ध द्वितीयेला बेळगावची पारंपरिक शिवजयंती आणि दुसऱ्याच दिवशी अक्षय तृतीया व बसव जयंती, असे हे सण महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात एकमेकांना खेटून येतात. गल्लोगल्ली चित्ररथांची तयारी रंगात आलेली असते, सराफांकडे गर्दी असते आणि शहराच्या कडेने वाढलेल्या वसाहतींत कुठे ना कुठे वास्तुशांतीचा मांडव पडलेला असतो. अक्षय तृतीया हा साडेतीन मुहूर्तांतला दिवस. आज घेतलेल्याचा क्षय होत नाही अशी श्रद्धा, त्यामुळे प्लॉटचा विसार द्यायचा, फ्लॅट बुक करायचा किंवा पाया खणायचा तर आजच. घर अनगोळला असो, कंग्राळीला असो की निपाणीच्या एखाद्या नव्या लेआउटमध्ये, पेढे वाटणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. भाड्याच्या दोन खोल्यांत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला स्वतःच्या दाराची किंमत कोणी समजावून सांगायला नको.

मात्र मांडव उतरला, आचाऱ्याचे पैसे चुकते झाले, की घराची खरी किंमत मोजायला सुरुवात होते. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण बांधण्यापाशीच थांबते. बांधलेले घर वीस वर्षे सांभाळून पाहावे असे कोणी म्हटलेले नाही आणि आपल्या घरगुती अंदाजपत्रकातही या सांभाळण्याला रकाना नसतो. तो रकाना घर घेण्याआधी आखला पाहिजे आणि पुढे घरातल्या ज्या बाईला तो महिन्याच्या महिन्याला भरायचा आहे तिच्यासमोर आखला पाहिजे, एवढेच आज सांगायचे आहे.

तीस लाखांचे घर धरू. बँक २५ लाख देते, घरचे पाच लाख उभे करता करता दमछाक होते, आणि मग नोंदणीचा खर्च पुढे येतो. कर्नाटकात मुद्रांक शुल्क साधारणपणे पाच टक्के. उपकर आणि अधिभार धरून शहरात ते ५.६ टक्क्यांवर जाते. नोंदणी शुल्क पूर्वी एक टक्का होते, ३१ ऑगस्ट २०२५ पासून ते दोन टक्के झाले. म्हणजे या घरावर २ लाख २८ हजार रुपये नुसते सरकारजमा होतात आणि कर्ज ठरवताना बँक ही रक्कम घराच्या किमतीत धरत नाही. वकील, दस्तलेखक, कर्जाची प्रोसेसिंग फी हे आणखी वेगळे. हे पैसे येतात कुठून? बायकोच्या पाटल्या सोनेतारण कर्जात जातात, नाहीतर मेहुण्याकडून हातउसने घेतले जातात. गृहप्रवेशाआधीच एक दुसरे कर्ज होऊन बसते आणि त्याचा हप्ता कोणत्याच तक्त्यात नसतो.

आता बँकेच्या हप्त्याकडे वळू. साडेआठ टक्क्यांनी २५ लाख वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता २१,७०० रुपयांच्या घरात जातो. पहिल्या हप्त्यातले १७,७०० रुपये व्याजाचे असतात. मुद्दल फिटते चार हजारांनी. वीस वर्षांत बँकेला पोहोचतात ५२ लाख. तेही दर स्थिर राहिला तर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. सात टक्क्यांनी असेच २५ लाख नुकते घेतलेल्याचा हप्ता १९,४०० च्या आसपास होता. दर साडेनऊ झाल्यावर त्याची जवळजवळ सगळी रक्कम व्याजातच जाऊ लागली. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली, त्यामुळे कर्जदाराला काही बोचले नाही. ‘आपला हप्ता काही वाढला नाही,’ असे समाधानाने सांगणाऱ्या कित्येकांचे कर्ज निवृत्तीच्या पुढे जाऊन बसले होते. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावले. तो हक्क वापरायचा तर वर्षातून एकदा बँकेत जाऊन कर्जाचा उतारा मागायला हवा. व्याजावर आयकर वाचतो, हे विक्रेत्याचे आवडते वाक्यही तपासून घ्यावे. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाला वजावट नाही.

‘भाडे भरण्यापेक्षा हप्ता भरलेला काय वाईट?’ हा युक्तिवाद प्रत्येक घरात एकदा तरी होतो. तो खोटा नाही, अर्धा आहे. भाड्याच्या घरात छत गळले की मालकाला फोन करता येतो. स्वतःच्या घरात तो फोन आपल्यालाच येतो. बेळगावचा पाऊस तर घरमालकाची दरवर्षी परीक्षाच घेतो. जुन्या शहापुरातले मंगळुरी कौलांचे घर असो की चार वर्षांपूर्वीचा स्लॅब, मृगाच्या आत कोणाला तरी वर चढवावेच लागते. कौले परतायची, फुटकी बदलायची, वासे पाहायचे. स्लॅब असेल तर वॉटरप्रूफिंग, नाहीतर वर पत्र्याची शेड. पंपाची मोटार जळते, टाकी चिरते, पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. नव्या घरात ग्रिल, पडदे, कंपाउंड आणि गेट हे सगळे ‘नंतर करू’ म्हणून ठेवलेले असते. ते नंतर कधी एकेकटे येत नाही.

घरपट्टीचेही तसेच. एप्रिलमध्ये भरली तर पाच टक्के सूट, जूनपर्यंत जेवढी तेवढी आणि जुलैपासून महिन्याला दोन टक्के दंड. हा नियम कोणाला ठाऊक नाही असे नाही. पण एप्रिलमध्ये शाळांची फी, वह्या-पुस्तके आणि लग्नांचे आहेर असतात, त्यामुळे सूट हुकते आणि मग दंडही बसतो. विजेचे म्हणाल, तर जुलै २०२३ पासून राज्य सरकारच्या ‘गृहज्योती’ योजनेने २०० युनिटपर्यंत दिलासा दिला. पण ही सवलत जुन्या वापराच्या सरासरीवर दहा टक्के अधिक धरून मिळते. जुना वापरच नसलेल्या नव्या घराला राज्याची ५३ युनिटची सरासरी लावली गेली. भाड्याच्या घरी शून्य बिल पाहायची सवय झालेल्या कुटुंबाला स्वतःच्या घराचे पहिले बिल पाहून धक्का बसतो, तो यामुळे.

या सगळ्याहून महाग पडतो तो कच्चा कागद. बेळगावभोवतीच्या गावांत शेतजमिनीचे तुकडे पाडून गुंठ्या-अर्ध्या गुंठ्याचे प्लॉट बाँडवर विकले गेले. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. तरी कामगार, फेरीवाले, हमाल यांनी आयुष्याची पुंजी नोटरीच्या शिक्क्यावर विश्वासून दिली, कारण बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने (बुडा) मंजूर केलेल्या लेआउटमधला प्लॉट त्यांच्या आवाक्यात कधीच नव्हता. आता खरेदी-विक्रीला ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा संगणकीय उतारा, लागतो. अनधिकृत वसाहतींतील मालमत्तांना बी-खाता देण्याची मोहीम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केली. घरपट्टीच्या दप्तरी नाव लागते हे चांगलेच. पण बी-खाता म्हणजे वसाहत अधिकृत झाली असे नव्हे, हे कोणी समजावून सांगत नाही. त्यात सीमाभागातल्या मराठी माणसाची अडचण दुहेरी. उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, अर्जही कन्नडमध्ये. आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार ज्या कागदावर होतो तो वाचायला एजंट लागतो आणि एजंट नुसते वाचून दाखवायचे पैसे घेत नाही. भाषेच्या प्रश्नावर इथे मोर्चे निघाले, खटले झाले. त्या मोठ्या वादाच्या सावलीत घरपट्टीची पावती समजण्याचा साधा हक्कही अडकून पडला आहे.

पैसे साठवायचे मार्गही आपल्या भागाचे आहेत. संध्याकाळी दुकानात येणारा पिग्मी एजंट हा इथल्या बाजारपेठेचा अविभाज्य माणूस. १९२५ मध्ये उडुपीत स्थापन झालेल्या, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे गोळा करण्याची ही पद्धत सुरू केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी गल्लीबोळांत आजही चालू आहे. तिच्या जोडीला भिशी आणि सोसायटीची ठेव. पिग्मीवर कित्येकांनी घरे उभी केली. मात्र एक फरक लक्षात ठेवायला हवा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. दोन टक्के जादा व्याजासाठी घराची सगळी पुंजी एकाच सोसायटीत ठेवलेल्यांनी काय सोसले, हे सीमाभागाला नव्याने सांगायला नको.

आता हा हिशेब ठेवते कोण, ते पाहू. दूध, गॅस, किराणा, मुलांची बस आणि पिग्मीची चोपडी या सगळ्यांतून हप्त्याची तारीख गाठायची असते. महिनाअखेर शंभर रुपये कमी पडले तर ते कुठून काढायचे, हे घरातल्या बाईला ठाऊक असते. सरकारनेही ते मान्य केले आहे. ३० ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘गृहलक्ष्मी’चे दोन हजार रुपये रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख स्त्रीच्या नावे येतात. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला दिलेल्या तिच्या बहिणीला जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे दीड हजार मिळतात. दोघींचे फोनवर बोलणे होते तेव्हा हप्ता जमा झाला का, हा पहिला प्रश्न असतो. दोघींचे पैसे घरातच मुरतात. एकीच्या घरी न्हाणीची फरशी झाली, दुसरीच्या घरी थकलेली घरपट्टी गेली. पण उतारा काढून पाहिला, तर दोन्हीकडे नाव पुरुषाचेच.

नावाचा हा प्रश्न पोटापाण्याशीही जोडलेला आहे. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या आणि विडी वळणाऱ्या बायकांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधून मजुरीसाठी झुंज दिली. विडी कामगार स्त्रीचे घर हाच तिचा कारखाना. मांडीवर सूप घेऊन ती ज्या उजेडात बसते तो सोपाही कारखान्याचाच भाग. बेळगावच्या वडगाव-खासबागेत विणकरांचे मागही घरातच. घर गेले की रोजगारही जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा-दूधगंगेला महापूर आला, यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला आणि नदीकाठच्या मातीच्या भिंती बसल्या. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने पाच लाखांची मदत जाहीर केली. अशा वेळी पाणी ओसरल्यावर पहिला सवाल येतो, घर कोणाच्या नावे? उतारा अजून आजोबांच्या नावे, वारसा लागलेला नाही, चार चुलते चार गावांत. ज्या बाईने ते घर रोज सारवले तिचे नाव तर त्या यादीत कुठेच नसते.

मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी १९९४ मध्येच दिला. देशभराचा कायदा ११ वर्षांनी, २००५ मध्ये आला. पुढारलेपणाचा हा मान दोघांचा. तरी आपल्याकडे बहिणीची सही घेतली जाते ती बहुधा हक्क सोडण्यासाठी. प्रधानमंत्री आवास योजनेत घर स्त्रीच्या किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे असावे लागते. महाराष्ट्र सरकार १ एप्रिल २०२१ पासून केवळ महिलेच्या नावे होणाऱ्या घरखरेदीवर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देते. कर्नाटकानेही ती द्यावी. नोंदणी शुल्क दुप्पट करणाऱ्या सरकारला एवढे जड जाऊ नये.

घरोघरी करण्यासारखे त्याहून सोपे आहे. विसार देण्याआधी एक संध्याकाळ नवरा-बायकोने हप्ता, नोंदणी, घरपट्टी आणि दुरुस्ती असा सगळा खर्च एका कागदावर मांडावा. हप्ता भरून वर्षाची दुरुस्ती निघत नसेल, तर आणखी दोन वर्षे भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. घर झाल्यावर पिग्मी बंद करण्याची चूक करू नये. रोजचे ५० रुपये वर्षाला १८ हजारांवर जातात. तेवढ्यात घरपट्टीला आणि पावसाळ्यापूर्वीच्या किरकोळ दुरुस्तीला मोठा हातभार लागतो. कागद स्वतःला वाचता येत नसेल, तर ज्याला त्या व्यवहारात दलाली नाही अशा माणसाकडून वाचून घ्यावा. वारसा लावायचे राहिले असेल, तर पुढच्या पुराची वाट पाहू नये. आणि दस्तावर दोन नावे घालावीत.

कर्ज किती उरले, घरपट्टी भरली का आणि उतारा कोणाच्या नावे, हे घरातल्या दोघांनाही न विचारता सांगता आले, तर त्या दोघांनी घर घेतले असे म्हणता येईल. एकालाच सांगता येत असेल, तर घर एकाचे आणि कर्ज मात्र दोघांचे.