गाडी गेली, चित्र राहिले

चार घोडे जोडलेली एक उंच गाडी. वरचा भाग काळा, खालचा तांबूस, चाके लालभडक. टपावर थंडीने गारठलेले दोन-तीन उतारू, मागे तांबड्या डगल्यातला रखवालदार तोंडाला लांब कर्णा लावून बसलेला, आणि बाजूला खाणावळीच्या दारात हात उंचावून उभी असलेली चार माणसे. हे चित्र कधी पाहिले नाही असा वाचक विरळा. ते नाताळच्या भेटकार्डांवर असते, जुन्या क्लबांच्या भिंतींवर असते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी तर ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर येऊन बसलेले असते. बिस्किटे केव्हाच संपलेली असतात. डब्यात आता सुया, दोरे आणि निरनिराळ्या शर्टांची बटणे असतात. पण झाकणावरचे घोडे अजून धावतच आहेत!

हे घोडे कुठून आले आणि कोणी काढले, याची हकीकत मोठी मौजेची आहे. ती सांगता सांगता आपल्याच दाराशी येऊन थांबावे लागते, म्हणून दिवाळीच्या या अंकात ती सांगण्याचे योजले आहे.

इंग्लंडात २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनकडे पहिली टपालगाडी निघाली. ही कल्पना टपालखात्यातल्या कोणा अधिकाऱ्याची नव्हे. ती बाथ गावातील नाटकगृहाचा मालक जॉन पामर याची. नाटकवाल्याला वेळेची किंमत कळते, असे म्हणावयास हरकत नाही. तोवर टपाल घोडेस्वार पोरांच्या हाती असे. ते वाटेत लुटले जाई, आणि पोहोचे तेव्हा पोहोचे. पामरने टपाल गाडीत घातले, रखवालदाराच्या हाती बंदूक दिली आणि सोबत कुलूपबंद पेटीत एक घड्याळ दिले. दर आठ-दहा मैलांवर ताजे घोडे तयार. जुने सोडून नवे जुंपण्यास मिनिट-दोन मिनिटे, अधिक नाही.

त्या काळी तिकडच्या रस्त्यांवर ठिकठिकाणी नाकी असत. आडवे फाटक, शेजारी नाकेदाराची खोली. पैसे भरल्याखेरीज फाटक उघडत नसे. टपालगाडीला मात्र नाका माफ होता. दुरून कर्णा ऐकू आला, की नाकेदाराने मध्यरात्री झोपेतून उठून फाटक उघडून ठेवायचे, कारण गाडी थांबणार नाही. चित्रातला तो कर्णा शोभेचा नव्हे. तो नाकेदारासाठी आहे.

या गाड्यांची चित्रे काढणाऱ्यांत जेम्स पोलार्ड (१७९२–१८६७) हा अग्रगण्य. त्याच्या जोडीला हेन्री अल्केन (१७८५–१८५१). त्याचा ओढा शिकारीकडे, शर्यतींकडे आणि घोड्यावरून चिखलात पडणाऱ्या सद्‌गृहस्थांकडे अधिक. ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावरून छापीत. पत्र्यावर राळेची बारीक पूड, आपण रांगोळी चाळतो तशी, पसरायची, पत्रा तापवून ती चिकटवायची आणि मग तेजाबात बुडवायचा. कणांच्या मधल्या फटींतून तेजाब तांबे खातो आणि छापल्यावर पाण्यात विरघळल्यासारखी करडी छटा उमटते. ढग, धुके, बर्फ यांना ही रीत फार सोयीची. रंग मात्र पुष्कळदा हाताने भरलेले. रंगवणारे ओळीने बसत. एकाने आकाश, दुसऱ्याने डगले, तिसऱ्याने चाके, असे काम चाले. त्यांत बायका असत, पोरे असत. पोलार्डचे नाव चित्राखाली आहे. चाके लाल करणाऱ्या हाताचे नाव कुठेच नाही.

पोलार्डचे एक चित्र विशेष गाजले. २० ऑक्टोबर १८१६ च्या रात्री सॅलिसबरीजवळ विंटर्सलो येथे एक टपालगाडी खाणावळीपाशी येऊन पोहोचली, तोच अंधारातून एका सिंहिणीने पुढच्या घोड्यावर झेप घेतली! फिरत्या प्राणिसंग्रहातून ती निसटली होती. उतारू खाणावळीत घुसले. सिंहिणीच्या मालकाने पुढे तिला पकडले. घोडा जखमी झाला, पण वाचला. त्याचे नाव पॉमिग्रॅनेट, म्हणजे आपल्या भाषेत डाळिंब. पोलार्डने हा प्रसंग रंगवला आणि त्याचे छाप घरोघरी गेले. वर्तमानपत्रात छायाचित्रे नव्हती त्या दिवसांत ही चित्रेच बातमीचे काम करीत.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही चित्रे विकत घेणाऱ्यांना गाडी रोजची ठाऊक होती. कुठला पट्टा कुठून कुठे जातो, कुठल्या मार्गाच्या गाडीवर काय लिहिलेले असते, सामान कुठे बांधतात, हे पाहणाऱ्याला माहीत. चुकीला जागा नव्हती. बैलगाडीचे जू उलटे काढले तर आपला शेतकरी जसा हसेल, तसे गाडीवान हसले असते. म्हणून पोलार्डची सुरुवातीची चित्रे आज इतिहासकारांना कागदपत्रांइतकी उपयोगी पडतात.

मग आगगाडी आली. १८३० मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर, १८३८ मध्ये लंडन–बर्मिंगहॅम. लंडनहून सुटणाऱ्या टपालगाड्या एकामागून एक बंद होत १८४६ पर्यंत संपल्या. आणि मौज अशी, की गाड्या संपत आल्या तशी चित्रांची आवड ओसरण्याऐवजी वाढली. पिकॅडिलीतील फोर्स या चित्रविक्रेत्याने १८४२-४३ च्या सुमारास कूपर हेंडरसनच्या चित्रांची एक मालिका काढली. तिच्या नावातच ‘आठवणी’ हा शब्द होता. गाडीवान जिवंत होते, घोडे तबेल्यांत होते, आणि आठवणी विक्रीस आल्याही होत्या!

वाङ्‌मयाच्या अभ्यासकाला याच काळातली आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८३६ मध्ये रॉबर्ट सीमोर नावाच्या चित्रकाराची फजितखोर शिकाऱ्यांची चित्रे मासिक भागांत काढायची ठरली. चित्रांना जोडून मजकूर हवा, म्हणून प्रकाशकांनी चोवीस वर्षांच्या एका वार्ताहराला बोलावले. चित्र पुढे, मजकूर मागे, असा करार. त्या वार्ताहराने तो उलटा करून घेतला. दुसऱ्या भागाची तयारी चालू असतानाच सीमोरने आत्महत्या केली, आणि वार्ताहराचे पुस्तक जगभर गेले. ते पुस्तक म्हणजे ‘पिकविक पेपर्स’ आणि तो वार्ताहर म्हणजे चार्ल्स डिकन्स. शिकारीच्या चित्रांनी इंग्रजी कादंबरीला असा हात दिला, आणि टपालगाडी पुस्तकात कायमची जाऊन बसली.

पुढे पुढे काय झाले? ज्यांनी गाडी पाहिलीच नव्हती त्यांनी ती काढावयास घेतली. मग प्रत्येक चित्रात बर्फ पडू लागले. प्रत्येक खाणावळीच्या खिडकीतून पिवळा उजेड येऊ लागला. घोडे कायमचे धष्टपुष्ट झाले. वस्तुतः जलद गाडीला जुंपलेले घोडे तीन-चार वर्षांत निकामी होत. टपावरचा उतारू पावसात भिजे आणि कधी कधी गारठून मरे. हे सारे झाकणावरून पुसले गेले. गाडी चालू असताना काढलेले चित्र आणि गाडी गेल्यावर काढलेले चित्र, यांत हा फरक असतो. पहिल्यात माहिती असते. दुसऱ्यात हळहळ असते, आणि हळहळीला तपशील नको असतो.

आता आपल्याकडे वळू. इंग्लंडात टपालगाड्यांचा सुवर्णकाळ चालू होता त्याच वेळी, १० नोव्हेंबर १८३० रोजी, गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. तोवर घाट चढावा तो पायी, पालखीत किंवा बैलाच्या पाठीवरल्या गोणीबरोबर. मग १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी आपल्या ठाण्यात आली. १८५४ मध्ये कल्याण, १८५६ मध्ये खोपोली, १८५८ मध्ये घाटावर खंडाळा ते पुणे. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत रिकामा होता. रुळावरून यायचे, उतरून पालखीत किंवा गाडीत बसून घाट चढायचा आणि वर पुन्हा रुळावर बसायचे! केवढा देखावा असेल तो. हमालांची घाई, पालखीच्या भाड्यावरून घासाघीस, सोवळ्यातल्या आजीबाईंची पंचाईत. पुढेही कितीतरी वर्षे महाबळेश्वरला जाणारी मंडळी वाठार स्टेशनावर उतरून टांग्यातून वर जात.

आमच्या या प्रवासाचा पोलार्ड कोण?

साहेब चित्रकार आले होते. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७९३ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी साष्टीतली लेणी काढली. जेम्स वेल्सने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे रंगवली. १८०७ मध्ये लंडनला कॅप्टन विल्यमसनचा हिंदुस्थानी शिकारीवरचा भलामोठा ग्रंथ निघाला. त्यातली चाळीस चित्रे सॅम्युएल हॉविटच्या हातची, आणि हॉविटने हिंदुस्थानात पाऊलसुद्धा ठेवले नव्हते. विल्यमसनच्या कच्च्या रेखाटनांवरून त्याने वाघ आणि हत्ती उभे केले. या साहेबांना लेणी हवी होती, दरबार हवा होता, वाघ हवा होता. घाट चढणाऱ्या आजीबाई नको होत्या.

आणि आपल्या माणसांनी छापखाने काढले तेव्हा? पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि पुढे तो घाट चढून लोणावळ्यापलीकडे मळवलीला गेला. त्यांनी आपल्या भिंतींवर लक्ष्मी आणली, सरस्वती आणली, पराक्रमी पुरुष आणले. त्याबद्दल तक्रार नाही. येत्या लक्ष्मीपूजनाला कित्येक घरांत त्याच लक्ष्मीपुढे पणती लागेल. पण मळवलीच्या छापखान्याजवळून रोज बैलगाड्या जात असतील, त्या कोणाला भिंतीवर लावाव्याशा वाटल्या नाहीत. भिंतीवर वंद्य गोष्टी लावायच्या, रोजच्या नव्हे, ही आपली जुनी समजूत.

एका माणसाने ती थोडीशी मोडली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तिथेच शिकवू लागले आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त लिहून गेले. त्यांनी पौराणिक चित्रे काढलीच. पण रस्त्यातली माणसेही काढली, आणि ती टपालाच्या कार्डांवर छापून गावोगाव गेली. मुंबईचे पोलिस कमिशनर एडवर्ड्‌स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील १९१२ च्या पुस्तकातही धुरंधरांची चित्रे आहेत. पगडी कशी बसते, पदर कुठून येतो, हे त्यांनी उभे राहून पाहिले होते. म्हणून ती माणसे आजही ओळखीची वाटतात.

आपण काय करतो? मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची धावली, तेव्हा तिला पाहावयास झुंबड उडाली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुनी दुमजली बस निवृत्त झाली, तेव्हा तिला हार घातले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली. आता ती उशांच्या अभ्र्यांवर, चहाच्या पेल्यांवर आणि फ्रीजला चिकटवायच्या चुंबकांवर दिसते. फोर्सच्या दुकानातल्या आठवणी त्या याच! अभ्र्यावरची टॅक्सी फार गोजिरवाणी असते. मात्र तिच्यात बहुधा चालक नसतो. त्याने आरशाखाली टांगलेले देवाचे चित्र, मागच्या फळीवरचा त्याचा डबा, पाठीला टेकायचा मण्यांचा पट्टा, यांतले काही नसते.

मागे वर्गात मी मुलांना सहज म्हटले, ज्या रिक्षातून आलात ती वहीच्या पानावर काढून दाखवा. चाके तिघांनाही चुकली नाहीत, एवढेच. हँडल कसे वळते, मीटर डावीकडे की उजवीकडे, चालकाचा परवाना कुठे लावलेला असतो, यावर वर्गात दोन तट पडले. रोज जिच्यात बसतो तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. भाडे सुरू करताना खाली पाडायचा जुना लोखंडी मीटर तर त्यांच्यापैकी निम्म्यांना ठाऊकच नव्हता. त्याला जाऊन फार वर्षे झालेली नाहीत.

आमच्या टेंभी नाक्यावर आता फाटक नाही आणि नाकेदार नाही. नावात तेवढा नाका उरला आहे. नवरात्रात इथे माणसांचा पूर येतो. जवळच १८७९ चे बेने इस्रायलींचे प्रार्थनामंदिर आहे, जैन मंदिर आहे, आणि स्टेशनाकडे जाणाऱ्या रिक्षांना दिवसभर उसंत नाही. या रिक्षाही एक दिवस बदलतील. त्या दिवशी हार घेऊन जाणारे पुष्कळ भेटतील. त्याआधी कागद घेऊन जाणारा एखादा तरी निघावा.

सुट्टीत घरातली मुले आकाशकंदील करून झाल्यावर ‘आता काय करू?’ म्हणून पाठीस लागतील. त्यांना रंगपेटी द्यावी आणि नाक्यावर उभे करावे. समोरची रिक्षा जशी आहे तशी काढू द्यावी. पत्र्यावरचा पोचा, मागे लिहिलेला मजकूर, गळकी ताडपत्री, सारे. चालकाला मात्र वगळू देऊ नये. त्याला विचारून, त्याचे नाव चित्राखाली लिहावयास सांगावे.