किरणांना डोळे हवेत

रोग मूत्रमार्गाचा असला की घरातील कर्त्या पुरुषाच्या तोंडून त्याविषयी शब्द फुटत नाही. रात्री चार-चार वेळा उठावे लागते, लघवीची धार मंदावते. तरी 'वय झाले, असे व्हायचेच' म्हणून तो स्वतःची समजूत घालतो. पुष्कळांच्या बाबतीत ती समजूत खरीही असते. कारण वयपरत्वे पौरुषग्रंथी वाढते आणि ती वाढ बहुधा कर्करोगाची नसते. परंतु काहींच्या ग्रंथीत कर्करोगाने मूळ धरलेले असते आणि आरंभी तो कसलीच चाहूल देत नाही. संकोचाचे मोल मग आयुष्याने मोजावे लागते. या रोगावरील किरणोपचारात गेल्या काही वर्षांत जे स्थित्यंतर घडले आहे, त्याचा लाभ सामान्य रुग्णाच्या पदरी पडणार की नाही, हा आज आमच्यापुढील प्रश्न आहे.

विल्हेल्म रंटगेन यांनी 1895 साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि त्यानंतर थोड्याच काळात किरणांनी गाठी जाळण्याचे प्रयोग सुरू झाले. किरणांच्या सामर्थ्याविषयी तेव्हापासून शंका उरली नाही. अडचण होती ती नेमाची. पौरुषग्रंथी अक्रोडाएवढी, तिच्या वर मूत्राशय आणि पाठीमागे गुदाशय. मूत्राशय कमीअधिक भरले, आतड्यात वायू धरला की ही ग्रंथी काही मिलिमीटर सरकते. नांगरलेली होडी किनाऱ्यावरून स्थिर भासते, परंतु भरती-ओहोटीसरशी ती जागा बदलीत असते. तसाच हा प्रकार.

पूर्वी रुग्णाच्या त्वचेवर खुणा गोंदून आणि हाडांचा आधार घेऊन नेम धरीत. हाडे जागची हलत नाहीत, पण ग्रंथी हलते. नेम चुकू नये म्हणून ग्रंथीच्या सभोवार बराच निरोगी भागही किरणांच्या कक्षेत घ्यावा लागे, आणि त्याचे प्रायश्चित्त गुदाशयाला व मूत्राशयाला भोगावे लागे. शौचावाटे रक्त, लघवीची जळजळ आणि घाई, ही त्या उपचाराची परिचित दुखणी होत.

प्रतिमा-मार्गदर्शित किरणोपचाराने येथेच पालट घडविला. अनेक ठिकाणी उपचारापूर्वी ग्रंथीत सोन्याचे दोन-तीन सूक्ष्म कण बसवितात. रुग्ण ठराविक पाणी पिऊन, पोट साफ करून मेजावर निजतो. यंत्र त्याच्याभोवती फिरून अंतर्भागाची त्रिमितीय प्रतिमा घेते. मूळ आराखड्याशी ती पडताळून मेज काही मिलिमीटर सरकविले जाते आणि मगच किरण सोडतात. हे प्रत्येक खेपेस करावयाचे. आधी पाहावे आणि मग मारावे, एवढेच या विद्येचे सार आहे.

नेम पक्का झाल्यावर एकेका खेपेची मात्रा वाढविणे आणि खेपा कमी करणे शक्य झाले. पूर्वी आठवड्यातून पाच दिवस, असे साडेसात-आठ आठवडे रुग्णास रोज रुग्णालयात जावे लागे. ब्रिटनमधील तीन हजारांहून अधिक रुग्णांवरील 'चिप' चाचणीने 2016 साली दाखवून दिले की 37 खेपांऐवजी 20 खेपांत तितकेच यश मिळते. त्यापुढचे पाऊल 'पेस-बी' चाचणीचे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, रोग ग्रंथीपुरताच असलेल्या कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांत केवळ 5 खेपांनंतर पाच वर्षांनी सुमारे 96 टक्के जणांत रोग पुन्हा उद्भवला नव्हता. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण सुमारे 95 टक्के होते. लघु उपचारात मूत्रमार्गाचा त्रास काहीसा अधिक आढळला, हेही सांगितले पाहिजे.

39 खेपा आणि 5 खेपा यांतील अंतर केवळ वैद्यकशास्त्राचे नव्हे. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले, आणि गोमंतकातून व कोकणातून परळची वाट धरणे कित्येक कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तेथे दोन महिने राहावयाचे म्हणजे खोलीचे भाडे, सोबतच्या मुलाची बुडालेली रोजी आणि इकडे पडीक राहिलेले शेत. विमा योजना औषधाचे पैसे देईल. बुडालेल्या हंगामाचे कोण देणार? उपचार अर्धवट सोडून घरी परतण्याचे कारण पुष्कळदा रोग नसतो, खर्च असतो.

या क्षेत्रात आपल्या देशातील संशोधनही उणे नाही. याच टाटा रुग्णालयात अधिक जोखमीच्या 224 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. ग्रंथीबरोबर ओटीपोटातील लसीका-ग्रंथींनाही किरण दिल्यास रोग अधिक काळ आटोक्यात राहतो, असे तिच्यातून दिसून आले. आणि तेथेही प्रतिमांचे मार्गदर्शन होतेच. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडविलेले 'भाभाट्रॉन' हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र 2005 पासून सेवेत आहे. बुद्धीचा दुष्काळ आपल्याकडे नाही. दुष्काळ आहे तो योजकतेचा.

2025 च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराच्या उपचारांची केंद्रे उभारण्याचे जाहीर केले. हे स्वागतार्हच आहे. परंतु दिवसाच्या केंद्रात औषध शिरेतून देता येते. किरणोपचाराला जाड भिंतींचे दालन, यंत्र आणि प्रशिक्षित हात लागतात. आमचे म्हणणे असे की, जेथे जेथे सरकार किरणोपचाराचे यंत्र खरेदी करील, तेथे प्रतिमेची सोय ही चैन नसून यंत्राचा अवयवच मानली जावी. यंत्राबरोबर वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ व तंत्रज्ञ यांची पदे भरली जावीत. आणि देखभालीची तरतूद पहिल्याच दिवशी व्हावी. कोनशिला बसते, फीत कापली जाते आणि पुढे माणूस नाही म्हणून यंत्र झाकून ठेवले जाते, असली दृश्ये आता पुरेत. डोळे नसलेल्या यंत्रावर पाच खेपांचा उपचार करू पाहणे हा तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होईल.

एक इशारा मात्र येथेच दिला पाहिजे. नवे यंत्र आले की ते चालविण्याची घाईही येते. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' चाचणीच्या 2023 च्या निष्कर्षांप्रमाणे, ग्रंथीपुरता रोग असलेल्यांपैकी नुसत्या देखरेखीखाली ठेवलेले, शस्त्रक्रिया झालेले आणि किरण घेतलेले, या तिन्ही गटांत 15 वर्षांत या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण सुमारे 3 टक्केच होते. तेव्हा निदान झाले म्हणजे लगेच किरणांखाली जावे, असे नव्हे. काहींना उपचार हवा, काहींना सावध पाळत पुरे. आणि हा निवाडा रुग्णालयाच्या हिशेबवहीने नव्हे, तर डॉक्टर व रुग्ण यांनी मिळून करावयाचा आहे.

त्यासाठी रुग्णाने आधी बोलले पाहिजे. शास्त्राने किरणांना डोळे दिले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी संकोच सोडावा आणि राज्यकर्त्यांनी आपले डोळे उघडावेत, एवढेच आता उरले आहे.